खोगीर आणि भरती : काउबॉयच्या खोगिराची जतनकथा

१

पदव्युत्तर वर्गात समीक्षेची परिभाषा शिकवताना 'खोगीरभरती' हा शब्द कधी ना कधी येतोच. एखाद्या कादंबरीतील निरुपयोगी प्रकरणे, प्रबंधातील अनावश्यक दाखले, संपादित ग्रंथात कोणाचे तरी मन राखण्यासाठी घेतलेले लेख, ह्या साऱ्यांसाठी मराठीत ह्याहून नेमका शब्द नाही. काही वर्षांपूर्वी तो असाच वापरला असता एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, खोगीर म्हणजे नक्की काय? आणि त्यात भरतात काय?" मी सांगितले की घोड्याच्या पाठीवर घालायची गादी, तिच्यात गवत, लोकर, चिंध्या, जे हाताशी असेल ते भरीत. त्यावर ती म्हणाली, "मग ती भरती निरुपयोगी कशी? ती नसेल तर घोड्याची पाठ सोलवटेल ना?" वर्ग हसला. मीही हसले, पण ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

घोड्यावर मी आयुष्यात एकदाच बसले, तेही माथेरानला, आणि त्या अर्ध्या तासात माझे लक्ष खोगिरापेक्षा दरीकडेच अधिक होते. आमच्या पिढीतील बहुतेक मराठीच्या अध्यापकांची स्थिती ह्याहून निराळी नसावी. आपल्या भाषेत मात्र घोड्याचा मुक्काम अजून हललेला नाही. आपण खर्चाला लगाम घालतो, आपलेच घोडे दामटतो. वरातीमागून घोडे नाचवणारेही आपल्यात पुष्कळ आहेत आणि प्रत्येक समितीच्या कामात आपले घोडे कुठे ना कुठे पेंड खातेच. खोगीर, जीन, रिकीब, तंग, लगाम, चाबूक हे सारे शब्द फारसी-अरबीच्या वाटेने, घोडदळाबरोबर मराठीत आले आणि घोडदळ गेल्यावरही राहिले. 'जीन' ह्या शब्दाचे नशीब मात्र विचित्र निघाले. आजच्या विद्यार्थ्याला तो उच्चारला की एक तर जनुक आठवते, नाही तर निळी पँट. ही पँट म्हणजे १८७३ साली लेव्ही स्ट्रॉस व जेकब डेव्हिस ह्यांनी तांब्याच्या रिव्हेटांचे पेटंट घेतलेला अमेरिकी श्रमिकांचा, पुढे काउबॉयचा, पोशाख. म्हणजे काउबॉयच्या विजारीने आपल्या खोगिराचा शब्द बळकावला, असे गमतीने म्हणता येईल.

ज्यांनी हा साज घडवला त्यांचे काय झाले? 'जीनगर' म्हणजे जीन करणारा. मराठेशाहीच्या घोडदळाला लागणारी जिने, लगाम, झुली ह्या कारागिरांच्या हातून होत. १८१८ नंतर ते घोडदळ राहिले नाही आणि त्याबरोबर गिऱ्हाईकही राहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सरकारी गॅझेटियरांत जीनगरांची नोंद आढळते ती धातूचे ओतकाम, चित्रकाम, मूर्तिकाम, कुलपे व घड्याळांची दुरुस्ती अशा नाना व्यवसायांत. हाताचे कसब त्यांनी दुसऱ्या कामांकडे वळवले, आणि ते त्यांच्या बुद्धीला साजेसेच होते. खोगिराची विद्या मात्र नोंद न होता विरली. एक समाजनाम उरले, एक वाक्प्रचार उरला. सांगाडा कोणत्या लाकडाचा करीत, कातडे किती दिवस भिजवीत, टाका कसा घालीत, हे कोणी लिहून ठेवण्याजोगे मानले नाही.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मी खोगिरांविषयी जे मिळेल ते वाचू लागले, तेव्हा लक्षात आले की हीच वेळ आणखी एका देशात, आणखी एका खोगिरावर आली होती. आणि तिथे काही माणसांनी ते विरू दिले नाही. अमेरिकेच्या पश्चिम भागातील ही हकीकत आहे. ती सांगताना आपल्याकडचे दुखणे सारखे उगाळावे असा हेतू नाही. परंतु 'जतन' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो, आणि जतन म्हणजे नेमके कशाचे, कोणासाठी, कोणाच्या नावाने, हे प्रश्न ह्या उदाहरणात लख्ख दिसतात, म्हणून हा प्रपंच.

२

प्रथम वस्तू पाहू. काउबॉयचे खोगीर दिसायला चामड्याचे असले तरी त्याचा प्राण आतल्या लाकडात असतो. ह्या लाकडी सांगाड्याला तिथले कारागीर 'झाड' म्हणतात. घोड्याच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, प्रत्यक्ष कण्याला न टेकता बसणाऱ्या दोन लांबट फळ्या; त्यांना पुढे जोडणारी कमान व तिच्यावरचे शिंग; मागे जोडणारी, स्वाराच्या कमरेला टेकू देणारी दुसरी कमान. एवढेच त्याचे अवयव. ह्या सांगाड्यावर न कमावलेले, केवळ केस काढून साफ केलेले कच्चे कातडे ओले असताना ताणून शिवतात आणि सावकाश वाळू देतात. वाळताना ते आकसते व लाकडाला असे आवळून धरते की सांध्यांचे बळ कैक पटींनी वाढते. घाई करून वाळवले तर अख्खा सांगाडा पिळवटतो. तो जराही वाकडा झाला की वर कितीही सुंदर कातडे चढवा, घोड्याच्या पाठीवर एका जागी भार येणारच.

त्यावर येते कमावलेले कातडे. आपल्याकडे बाभळीच्या वा तरवडाच्या सालीने कातडे कमावीत. तिकडे ओकच्या सालीने. सेंट लुईस येथे १८८१ साली सुरू झालेली हर्मन ओक ही टॅनरी आजही वनस्पतिजन्य पद्धतीने कमावलेले कातडे खोगीरकारांना पुरवते. असे कातडे पाण्याने ओलावले की हाताखाली मातीसारखे वळते, आणि वाळले की दिलेला आकार सोडत नाही. बैठक घडते ती ह्या गुणामुळे. वरची फुलापानांची नक्षी उठते तीही ह्याच गुणामुळे. कापण्यासाठी अर्धचंद्राकृती पात्याची सुरी असते. आपल्या रापीची ती चुलत बहीणच म्हणावी. भोक पाडायला आरी, आणि शिवायला मेण लावलेला एकच दोरा, पण त्याच्या दोन्ही टोकांना दोन सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी सुई जाते, त्यामुळे एका अंगाचा दोरा झिजून तुटला तरी दुसरा टाका धरून ठेवतो. शिलाईयंत्राच्या टाक्यात वरचा व खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक तुटला की उसवण पुढे सरकते. हातशिलाईचा आग्रह हा केवळ जुन्याचा हट्ट नव्हे, हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

ह्या खोगिरावरून काम करायचे ते असे : स्वाराने दोराचा फास टाकून चारपाचशे किलोचे जनावर पकडायचे आणि दोराचे दुसरे टोक खोगिराच्या शिंगाला अडकवून घोड्यासह तो हिसका सोसायचा. शिंग उपटले, तंग सुटला, रिकिबीचा पट्टा तुटला तर माणूस मरू शकतो. सांगाडा चुकला तर माणूस वाचतो, पण घोड्याच्या पाठीला जखम होऊन तो कामातून जातो. खोगिराचा पहिला परीक्षक घोडा असतो, आणि त्याच्यापुढे भिडस्तपणाची परीक्षणे चालत नाहीत!

३

आता ह्या वस्तूचे कूळ. चित्रपटांनी आपल्या मनात ठसवलेला काउबॉय गोरा, इंग्रजी बोलणारा, एकांडा असतो. खोगिराचे कूळ तसे नाही. १४९३ साली कोलंबसाच्या दुसऱ्या सफरीबरोबर घोडे व गुरे कॅरिबियन बेटांवर आली. १५१९ साली कोर्तेसच्या सैन्याबरोबर सोळा घोडे मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले. स्पेनमध्ये तेव्हा घोड्यावर बसण्याच्या दोन रीती होत्या. एक युरोपीय सरदारांची, लांब रिकिबींची. दुसरी उत्तर आफ्रिकेतील स्वारांकडून घेतलेली, आखूड रिकिबींची. दुसरीचे 'हिनेता' हे नाव झनाता ह्या बर्बर जमातीवरून पडले. मेक्सिकोच्या कुरणांत गुरे बेसुमार वाढली, तेव्हा युद्धाचे खोगीर कामाचे करावे लागले. आरंभी दोराचे टोक घोड्याच्या शेपटीला बांधीत. पुढे खोगिराच्या पुढच्या कमानीवर दोर गुंडाळता येईल असे भक्कम शिंग आले. हा बदल युरोपात झाला नाही; तो मेक्सिकोच्या कुरणांत, कामाच्या गरजेतून झाला. ज्या मूळनिवासी लोकांना वसाहतीच्या आरंभी घोड्यावर बसण्याचीच मनाई होती, त्यांच्यातूनच पुढे उत्तम गुराखी-स्वार तयार झाले. कॅलिफोर्नियात १७६९ पासून उभारल्या गेलेल्या मिशनांची गुरे अशाच मूळनिवासी स्वारांनी राखली.

स्पॅनिशमध्ये गुराख्याला 'बाकेरो' म्हणतात. 'बाका' म्हणजे गाय. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ऐकला तसा उच्चारला आणि नेवाडा-ओरेगनकडे 'बकरू' झाला. 'ला रिआता', म्हणजे दोर, ह्याचे उपपदासकट 'लॅरिअट' झाले. शिंगाला दोराचा फेरा देण्याच्या क्रियेला स्पॅनिशमध्ये 'दार ला बुएल्ता' म्हणत. त्याचे उरले 'डॅली'. 'मेस्तेन्यो'चा मस्टँग झाला, 'चापारेरास'चे चॅप्स झाले. रोडिओ, रँच, लॅसो, सिंच हे शब्दही तिकडचेच. भाषाभ्यासकाला ह्यात एक गोष्ट दिसल्याविना राहणार नाही. हे पुस्तकातून घेतलेले शब्द नव्हेत. कामाच्या जागी, घाईत, दुसऱ्याकडून शिकताना कानांनी उचललेले शब्द आहेत. विद्या कोणी कोणाला दिली, ह्याचा पुरावा इतिहासाच्या पुस्तकांनी पुसला तरी शब्दांनी राखून ठेवला.

ही साखळी आणखी मागे जाते. दोराच्या विशिष्ट म्होरकीला बाकेरो 'हाकिमा' म्हणत. तो शब्द अरबी. ओझ्याच्या घोड्यावर दोन्ही बाजूंना टाकायच्या पिशव्यांना ते 'अल्फोर्हा' म्हणत, आणि अमेरिकेच्या पहाडी भागांत आजही म्हणतात. तोही अरबी 'अल-खुर्ज' वरून आलेला. आपल्या जुन्या मराठीत घोड्यावर टाकायच्या पिशवीला 'खुर्जी' म्हणतात. एकाच अरबी पिशवीची दोन पोरे : एक स्पेन-मेक्सिकोच्या वाटेने वायोमिंगच्या डोंगरांत गेले, दुसरे इराणच्या वाटेने सह्याद्रीत आले. ह्या दोन प्रदेशांना जोडणारा धागा मी मुद्दाम शोधायला गेले नव्हते. तो शब्दकोशातच पडलेला होता.

४

१८४८ च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहाने मेक्सिकोचा प्रचंड भूप्रदेश अमेरिकेकडे आला. टेक्सास त्याआधीच, १८४५ साली, सामील झाले होते. यादवी युद्ध १८६५ साली संपल्यावर टेक्सासची मोकाट गुरे उत्तरेकडच्या रेल्वेपर्यंत हाकीत नेण्याचा धंदा भरास आला. १८६७ साली कॅन्ससमधील ॲबिलीन येथे गुरांचा बाजार सुरू झाला. पुढची वीसएक वर्षे हा काउबॉयचा खरा काळ. इतकी थोडी वर्षे आणि त्यांवर उभे राहिलेले एवढे वाङ्मय, हे प्रमाण स्तिमित करणारे आहे. ह्या कामकऱ्यांत मेक्सिकी, मूळनिवासी आणि गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले कृष्णवर्णी लोक मोठ्या संख्येने होते. १९०२ साली ओवेन विस्टरच्या 'द व्हर्जिनियन' ह्या कादंबरीने काउबॉयची जी प्रतिमा रूढ केली, तिच्यात ह्यांना जागा उरली नाही.

काउबॉय घोड्याचा मालक क्वचितच असे. घोडे रँचचे असत. खोगीर मात्र ज्याचे त्याचे. त्याची किंमत साधारण महिन्याभराच्या पगाराएवढी भरे. 'त्याने खोगीर विकले' असे एखाद्याविषयी म्हटले की तो माणूस संपला, असा अर्थ होई. ही खोगिरे सर्वत्र सारखी नव्हती. टेक्सासचा स्वार आखूड दोर खोगिराला घट्ट बांधूनच फास टाकी. हिसका थेट खोगिरावर येई, म्हणून तिथे पुढे व मागे असे दोन तंग. कॅलिफोर्नियाचा स्वार कच्च्या कातड्याच्या वाद्या विणून केलेला साठ फुटांहून लांब दोर वापरी आणि जनावर पकडल्यावर तो शिंगाभोवती फेरे देऊन सैल-घट्ट करीत खेळवी. त्याला मध्यभागी एकच तंग पुरे. काटेरी झुडपांचा मुलूख आणि उघडा मुलूख, घाईचे काम आणि सावकाशीचे काम, हे सारे खोगिराच्या बांधणीत उमटलेले असे. जाणकार माणूस खोगीर पाहून स्वाराचा प्रांत सांगे. बोलीवरून गाव ओळखावे, तसेच हे.

ह्या गरजेतून कारागिरांच्या पेढ्या उभ्या राहिल्या. कॅलिफोर्नियातील व्हिसेलिया येथे १८७० साली वॉकरची पेढी निघाली. शायेन येथील फ्रँक मियाना ह्याच्या नावावर मागच्या कमानीची बाहेर वळलेली कड, 'शायेन रोल', जमा आहे. नेवाडातील एल्को येथे मेक्सिकी वंशाच्या जी. एस. गार्सियाने दुकान थाटले. १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात त्याच्या खोगिराला सुवर्णपदक मिळाले. हॅम्ले कुटुंबाची पेढी १९०५ साली ओरेगनमधील पेंडलटनला आली. ही मंडळी छापील सूचिपत्रे टपालाने रँचोरँची पाठवीत, आणि शेकडो मैल दूर असलेला काउबॉय चित्रावर बोट ठेवून आपले माप व मागणी कळवी.

५

ऱ्हासाची कारणे सांगायला फार जागा लागत नाही. १८७४ साली जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि मोकळी कुरणे कुंपणांत गेली. रेल्वे टेक्सासपर्यंत पोचली. गुरे हाकीत नेण्याची गरज संपली. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडील कुरणांत गुरांचा संहार झाला आणि अनेक मोठे रँच बुडाले. त्यानंतर मोटार आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत घोडे व खेचरे मिळून सुमारे अडीच कोटी जनावरे होती. १९६० च्या सुमारास ती तीस लाखांच्या आसपास उरली. जे आपल्या जीनगरांच्या वाट्याला एका राजकीय पराभवाने आले, ते तिथे यंत्राने हळूहळू आणले.

ह्या पडत्या काळात खोगिराला दोन अनपेक्षित आश्रयदाते मिळाले : रोडिओ आणि चित्रपट. १९१९-२० च्या सुमारास रोडिओच्या आयोजकांनी स्पर्धेसाठी एकाच मापाचे खोगीर ठरवले व ते हॅम्लेच्या पेढीने घडवले. हॉलिवूडमध्ये एडवर्ड बोलिन ह्या स्वीडनहून आलेल्या कारागिराने चांदीने मढवलेली खोगिरे करून नटांना व मिरवणुकांना पुरवली. कसब टिकले, पण वस्तूचा पत्ता बदलला. गोठ्यातले खोगीर रंगमंचावर आले.

६

जतनाचे जाणीवपूर्वक प्रयत्न ह्यानंतरचे. ते तीन वाटांनी झाले असे मला दिसते.

पहिली वाट पुस्तकाची. पूर्वी ही विद्या दुकानात, उस्तादाच्या हाताखाली मिळे आणि अनेक उस्ताद ती राखून ठेवीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांना रुग्णालयांत मन रमवण्यासाठी चामड्याचे काम देत. त्यातून हौशी लोकांचा मोठा वर्ग तयार झाला आणि फोर्ट वर्थच्या टँडी कंपनीने त्यांना हत्यारे, कातडे व पुस्तिका पुरवल्या. अल स्टोलमन हा ह्या चळवळीचा लेखक. त्याने, त्याची पत्नी ॲन हिच्या साहाय्याने, आयुष्यभर आकृत्या काढल्या : सुरी किती अंशांत धरावी, कातडे कितपत ओले असावे, टाका कुठून कुठे जावा. १९९० च्या दशकात त्यांचा खोगीरबांधणीचा तीन खंडांतील कोश प्रसिद्ध झाला. ज्याला उस्ताद भेटण्याची शक्यता नाही अशा माणसाला तो आजही उस्तादाच्या ठिकाणी आहे. मौखिक परंपरेचे ग्रंथीकरण होताना काय हरवते ह्याची चर्चा आपण लोकसाहित्याच्या तासाला करतो. काय वाचते हेही अधूनमधून मोजले पाहिजे.

दुसरी वाट शासकीय मान्यतेची. १९७६ साली अमेरिकी काँग्रेसने लोकजीवन जतनाचा कायदा केला. त्यातून उभ्या राहिलेल्या केंद्राने १९७८ ते १९८२ ह्या काळात नेवाडातील पॅरडाइज व्हॅली येथे क्षेत्रीय अभ्यास केला. 'बकरूज इन पॅरडाइज' हे प्रदर्शन १९८० साली स्मिथसोनियनमध्ये भरले. जपानने १९५० च्या कायद्याने कलावंतांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' मानण्याचा पायंडा पाडला होता. त्याच्या धर्तीवर बेस लोमॅक्स हॉज ह्या विदुषीच्या पुढाकाराने १९८२ पासून नॅशनल हेरिटेज फेलोशिप सुरू झाली. पहिल्याच वर्षी सन्मान मिळालेल्यांत गायक-वादकांच्या बरोबरीने पेंडलटनचा खोगीरकार डफ सेव्हीअर होता. १९८६ साली कच्च्या कातड्याचे विणकाम करणारा लुईस ओर्टेगा, १९९१ साली वायोमिंगमधील शेरिडनचा डॉन किंग, २००८ साली आयडाहोचा डेल हारवुड ह्यांना तो मिळाला. डॉन किंगचे नाव विशेष घ्यायला हवे. लहान लहान रानगुलाब, एकमेकांत गुंफलेली वर्तुळाकार देठे अशी जी दाट नक्षी आज 'शेरिडन शैली' म्हणून ओळखली जाते, ती प्रामुख्याने त्याच्या हातून रूढ झाली. २००७ साली तो गेला. शैली मात्र अनेक हातांत गेली आहे.

तिसरी वाट कारागिरांनी स्वतः काढली. १९८५ साली एल्को येथे काउबॉय कवींचे पहिले संमेलन भरले. कवितेच्या निमित्ताने रँचवरची माणसे, लोकसंस्कृतीचे अभ्यासक आणि साज करणारे कारागीर एका छताखाली येऊ लागले. १९९८ साली काही निवडक कारागिरांनी ट्रॅडिशनल काउबॉय आर्ट्स असोसिएशन ही संस्था स्थापली. खोगीरबांधणी, लगामाच्या कड्या व टाचा घडवणे, चांदीकाम आणि कच्च्या कातड्याचे विणकाम ह्या चार कला तिच्या कक्षेत येतात. १९९९ पासून ओक्लाहोमा सिटीच्या नॅशनल काउबॉय अँड वेस्टर्न हेरिटेज म्यूझियममध्ये तिची प्रदर्शने होऊ लागली. तिथल्या विक्रीतून येणारी प्रतिष्ठा व पैसा ही एक बाजू; दुसरी, आणि माझ्या मते अधिक मोलाची, बाजू म्हणजे शिकणाऱ्या कारागिरांना शिष्यवृत्ती देऊन जाणत्यांच्या दुकानात काम करण्याची केलेली सोय. पुस्तक जिथे थांबते तिथून पुढचे शिक्षण हे.

७

ही यशोगाथा म्हणून संपवता आली असती. पण दोन शंका राहतात.

पहिली वस्तूविषयीची. प्रदर्शनातले खोगीर जमिनीवर धूळ खाणाऱ्या खोगिराच्या कैक पट महाग असते. ते ज्याच्या घरी जाते तो बहुधा ते घोड्यावर चढवीत नाही. दिवाणखान्यात घोडीवर ठेवतो. घोड्याची पाठ हा जो निर्दय परीक्षक, तोच बाजूला झाला, तर नक्षी वाढत जाण्याची आणि सांगाड्याकडे दुर्लक्ष होण्याची भीती असते. आपल्याकडे समीक्षक आणि वाचक दोघेही दूर झाल्यावर केवळ पुरस्कारांसाठी लिहिल्या जाणाऱ्या साहित्याचे काय होते, हे आपण पाहतोच. ह्या कारागिरांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की त्यांतल्या चांगल्यांना ही भीती ठाऊक आहे. प्रदर्शनातले खोगीरही कामाला लावण्याजोगेच असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. शिवाय नेवाडा, ओरेगन, आयडाहो, मोंटाना येथील रँचवर घोड्यावरून काम करणारी माणसे आजही आहेत आणि ती पदरमोड करून हाताने घडवलेले खोगीर घेतात. जतन खऱ्या अर्थाने त्यांच्यामुळे झाले आहे. उणे काढणारा वापरकर्ता जोवर आहे तोवर कला जिवंत; केवळ कौतुक करणारे उरले की तिचे स्मारक होते.

दुसरी शंका नावाविषयीची. 'पश्चिमेचा वारसा' म्हणून जे जपले जाते, त्यातले शिंग, दोर, विणकाम आणि निम्मे शब्द मेक्सिकोचे आहेत. २०१६ साली युनेस्कोने मेक्सिकोच्या 'चारेरिया' ह्या अश्वपरंपरेची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. अमेरिका त्या २००३ च्या करारात सहभागी नसल्याने काउबॉयचे खोगीर त्या यादीत नाही. एकाच झाडाच्या दोन फांद्यांपैकी एक जागतिक वारसा आणि दुसरी राष्ट्रीय अभिमान, अशी ही वाटणी. ओर्टेगासारख्याचा सन्मान झाला, बाकेरोंवर ग्रंथ निघाले, हे खरे. पण चित्रपटाने घडवलेली स्मृती ग्रंथांनी चटकन बदलत नाही. वस्तू जपली आणि ती शिकवणाऱ्याचे नाव गाळले, तर त्या जतनाला अर्धेच म्हणावे लागेल. जीनगरांच्या बाबतीत आपल्याकडे नेमके उलटे झाले. नाव राहिले, वस्तू गेली. दोन्ही अर्धी जतने एकमेकांसमोर ठेवली की पुऱ्या जतनाची कल्पना येऊ लागते.

आणखी एक नोंद करून थांबते. कानपूरला १८६० च्या दशकात लष्करासाठी सरकारी खोगीर कारखाना निघाला. त्या शहरातील खोगीरव्यवसाय आज भौगोलिक मानांकन लाभलेला आहे आणि परदेशी जाणाऱ्या त्याच्या मालात काउबॉय पद्धतीची स्वस्त खोगिरेही असतात. अमेरिकेतला हातकारागीर ज्या स्वस्त मालाशी झुंजतो, त्यातला काही भारतातला असतो. अशा खोगिराच्या आत, वरच्या कातड्याआड, काय भरले आहे हे विकत घेणाऱ्याला दिसत नाही. ते कळते घोड्याला, सहा महिन्यांनी.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. भरती निरुपयोगी कधीच नव्हती. खोगिरातला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच, कारण घोड्याच्या पाठीला तोच भिडतो. तिच्यात काय भरले हे वरून कळत नाही, म्हणून वाटेल ते भरण्याची सवय लागली. आणि वाक्प्रचार त्या सवयीवरून पडला. म्हणजे हा शब्द मुळात कारागिराच्या लबाडीचे नाव आहे, आणि ती लबाडी ओळखणारे गिऱ्हाईक एके काळी मराठीत होते, ह्याचा तो पुरावा आहे. ती मुलगी आता स्वतः एका महाविद्यालयात शिकवते. हा लेख तिला पाठवीन म्हणते. उत्तर द्यायला थोडा उशीर झाला, एवढेच.